मोजून घेतले आहे, मोजून द्या : मराठी मंडळ्यांच्या पंचांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांचे पंच, विश्वस्त आणि पाळकसाहेब यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा आगमनकाळ सुरू झाला आहे. चर्चच्या दारावर तारा लागला, तरुण संघाची गाण्यांची तालीम सुरू झाली आणि रिवाजाप्रमाणे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या दहा कुमारींच्या दृष्टांतावर संदेशही झाला. संदेश चांगला होता. पाळकसाहेबांनी विचारले, "प्रभू आज रात्री आला तर तुम्ही तयार आहात का?" पुष्कळांनी माना खाली घातल्या. मीही घातली. पण माझ्या मनात त्या वेळी माझी प्रार्थना किंवा माझे उपवास आले नाहीत. चर्चच्या वेस्ट्रीतले, म्हणजे पाळकांच्या खोलीतले, लोखंडी कपाट आले. प्रभू आज रात्री आला आणि म्हणाला, "ते कपाट उघड," तर आपण काय दाखवणार?

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आमच्या मंडळीची नऊ वर्षे खजिनदार होते. मंडळीचे नाव लिहीत नाही, कारण हे पत्र एका मंडळीविषयी नाही. ज्या ज्या गावी नातलगांकडे लग्नाला किंवा मयतीला गेले, तिथे तिथे जेवणाच्या पंगतीत हाच विषय निघालेला मी ऐकला आहे.

दहा कुमारींच्या दृष्टांतात एक गोष्ट आपण वाचतो आणि पुढे जातो. दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या त्या दहाही जणींना, त्याला उशीर झाला तेव्हा, झोप लागली. शहाण्या पाचही झोपल्या. म्हणजे दोघींतला फरक रात्रभर डोळे उघडे ठेवण्याचा नव्हता. शहाण्यांनी दिव्याबरोबर भांड्यात जास्तीचे तेल आणले होते, तेही दिवसाउजेडी, कोणी मागितले नसताना, उशीर होऊ शकतो हे धरून. मध्यरात्री हाक आली तेव्हा नवे काही करायला वेळच नव्हता. जे आधी करून ठेवले होते तेवढेच हाताशी होते.

आणि त्याच अध्यायात लगेच पुढे, मध्ये काहीही न येता, धन्याने चाकरांकडे सोपवलेल्या रकमेचा दृष्टांत येतो. एकाला पाच तालांत, एकाला दोन, एकाला एक. ही रक्कम किरकोळ नव्हती. त्या काळी मजुराला दिवसाला एक दिनार मिळे आणि एका तालांताचे साधारण सहा हजार दिनार होत. म्हणजे ज्याला सर्वांत कमी मिळाले, त्याच्या हातातही एका मजुराची वीस वर्षांची कमाई होती. धनी पुष्कळ काळाने आला आणि आल्याबरोबर हिशेब घ्यायला बसला. मत्तयाने हे दोन दृष्टांत शेजारी ठेवले आहेत. आपण मात्र ते वेगळे करून टाकले. पहिला आगमनकाळात सांगतो, दुसरा अर्पणाची थैली फिरवण्याआधी. जागे राहणे हा भक्तीचा विषय झाला आणि हिशेब हा कमिटीचा.

पवित्र शास्त्रात हे दोन्ही एकाच शब्दात येते अशी एक जागा आहे. एज्राच्या आठव्या अध्यायावर मी संदेश फार क्वचित ऐकला आहे. याजक आणि शास्त्री असलेला एज्रा बाबेलहून यरुशलेमेला निघाला. बरोबर लेकरेबाळे, सामान आणि देवाच्या घरासाठी लोकांनी दिलेले सोने-चांदी. वाटेत लुटारूंची भीती. राजाकडे शिपाई आणि घोडेस्वार मागायची त्याला लाज वाटली, कारण 'आमचा देव आमचे रक्षण करतो' असे तो राजाला बोलून चुकला होता. म्हणून अहवा नदीकाठी सर्वांनी उपास केला, प्रार्थना केली. इथपर्यंतची गोष्ट आपल्याला आवडते. पण पुढे पाहा. प्रार्थना झाल्यावर एज्राने बारा प्रमुख याजक निवडले आणि त्यांच्या हाती सगळे तोलून दिले. चांदी साडेसहाशे किक्कार (किक्कार हे त्या काळचे मोठे वजन), सोने शंभर किक्कार, सोन्याचे वीस कटोरे, सोन्यासारखी मोलाची लखलखीत पितळेची दोन पात्रे. दोन पात्रेसुद्धा लिहिलेली आहेत. आणि मग त्याने त्यांना सांगितले की यरुशलेमेत देवाच्या घरात पुन्हा तोलून देईपर्यंत हे जपून सांभाळा. तिथे इब्रीत जे क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ 'जागे राहणे' असा आहे. वाटेत जाग राखा, म्हणजे पोहोचल्यावर वजन तेवढेच भरेल.

ते पोहोचले, तीन दिवस विसावले आणि चौथ्या दिवशी मंदिरात सगळे पुन्हा तोलले गेले. मोजून, वजन करून, आणि ते वजन त्याच वेळी लिहून ठेवले गेले. शिपाई नाकारण्याइतका ज्याचा देवावर भरवसा होता, त्यानेच तराजू बाजूला ठेवला नाही. "आपल्यात कागदपत्रं कशाला, आपण विश्वासाचे लोक आहोत ना?" हे वाक्य मी कमिटीच्या बैठकीत इतक्या वेळा ऐकले आहे, की एज्रा वाचल्यापासून ते मला सहनच होत नाही. ज्यांच्या हाती चांदी दिली ते याजक होते. एज्रा त्यांना पवित्रच म्हणाला, आणि तरी तोलून दिले.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण ती न सांगता तुम्हाला काही म्हणण्याचा मला अधिकार नाही.

खजिनदार झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी दोन कोऱ्या चेकवर सह्या करून दिल्या. लेकीचे बाळंतपण होते, मी पुण्याला जाणार होते, आणि "बाई, रंगकामवाल्याचे पैसे अडतील," असे मला सांगण्यात आले. त्या दोन चेकचे पैसे रंगालाच गेले की नाही, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. पावत्या मिळाल्या नाहीत. मी एकदा मागितल्या, दुसऱ्यांदा संकोचले, तिसऱ्यांदा विचारलेच नाही. वर्षअखेरीला 'चर्च दुरुस्ती' या एका ओळीत ती रक्कम बसवली आणि सही केली. मी एक पैसाही घेतला नाही, म्हणून कित्येक वर्षे स्वतःला प्रामाणिक समजत राहिले. पण ज्या चाकराने एक तालांत पुरून ठेवला, त्यानेही काही चोरले नव्हते. त्याने तर आहे तसे परत केले. मी तेवढेही करू शकले नाही.

दुसरी गोष्ट जागेची. आमच्या चर्चच्या मागे मिशनच्या काळातली विहीर आणि तिच्याभोवती वीस गुंठे जागा आहे. तिथे पूर्वी मुलींचे वसतिगृह होते. एका सकाळी तिथे जेसीबी आला, तेव्हा आम्हाला कळले की ती जागा एकोणतीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली गेली आहे. ठरावाच्या वहीत ठराव नाही. सातबारा काढला तर 'इतर हक्क' या रकान्यात नोंद होऊन दोन वर्षे झाली होती. दोन वर्षे आम्ही दर रविवारी त्या जागेला वळसा घालून उपासनेला जात होतो आणि कुणी सातबारा काढून पाहिला नव्हता. मी खजिनदार होते, मीही पाहिला नव्हता. डोळे उघडे ठेवून झोपणे म्हणतात ते हेच.

कायदा याबाबत स्पष्ट आहे आणि तो १९५० पासून आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला, बदलून द्यायला, बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्टा शेतजमिनीचा असून दहा वर्षांपेक्षा मोठा असेल, किंवा बिगरशेती जागेचा वा इमारतीचा असून तीन वर्षांपेक्षा मोठा असेल, तरीही लागते. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावे लागतात. यात आपल्या विश्वासाविरुद्ध काय आहे? मला तर यात एज्राचा तराजूच दिसतो. सरकारने सांगावे आणि मंडळीने टाळावे, इतके उलटे आपल्याकडे होऊन बसले आहे याचे दुःख होते.

"मंडळीतल्या गोष्टी बाहेर नेऊ नयेत" असे मला सांगितले जाते. विश्वासणाऱ्यांनी आपले वाद बाहेरच्यांपुढे नेऊ नयेत, या प्रेषित पौलाच्या शिकवणीचा दाखलाही दिला जातो. मग पौलाने स्वतः काय केले तेही वाचू या. यरुशलेमेतल्या गरीब पवित्र जनांसाठी त्याने मासेदोनिया आणि अखया इथून वर्गणी जमवली. ती पोहोचवायला तो एकटा निघाला नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ दिला, आणखी एक पारखलेला माणूस दिला, आणि कारणही लिहिले : या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेत कोणी आमच्यावर दोष ठेवू नये. प्रभूच्या दृष्टीने तर आम्ही चांगले तेच करू पाहतो, पण माणसांच्या दृष्टीनेही. करिंथकरांस दुसरे पत्र, आठवा अध्याय. ज्याने तुरुंगवास भोगला, फटके खाल्ले, तो प्रेषित 'माझ्यावर विश्वास नाही का?' असे विचारत नाही. हिशेब विचारला की आपल्या पंचांचा चेहरा उतरतो. विचारणाऱ्याला 'फूट पाडणारा' म्हटले जाते, त्याच्या घरी पुढच्या नाताळात कॅरोलवाले जात नाहीत. हे माझ्या डोळ्यांसमोर घडले आहे.

तुम्ही म्हणाल, ही सगळी पैशाची आणि जमिनीची बोलणी, यात आत्मिक काय आहे? म्हणून एका बाईची आठवण करून देते.

पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या तेव्हा, १८८७ मध्ये, बोस्टनला त्यांच्या कामाच्या मदतीसाठी एक संस्था स्थापन झाली. तिने दहा वर्षे पैसे द्यायचे कबूल केले. ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवा मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन सुरू झाले. दहा वर्षे म्हणजे पुष्कळ, असे त्यांना म्हणता आले असते. पण ती मुदत एक दिवस संपणार हे रमाबाईंनी धरले होते. मदत थांबल्यावर या मुली खाणार काय, या विचाराने त्यांनी जमीन आणि फळझाडे असावीत म्हणून प्रार्थना केली, मित्रांकडे शब्द टाकला आणि दौंडजवळ केडगावला शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खणल्या, झाडे लावली. मग मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या, तेव्हा त्यांना ठेवायला जागा होती. ती जागा दुष्काळासाठी घेतलेली नव्हती, पण घेतलेली होती. दहा वर्षे भरली तशा १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. ज्यांनी पैसे दिले होते त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि पुढच्या कामासाठी नवी व्यवस्था लावून परतल्या.

दहा कुमारींचा दृष्टांत वाचला की मला केडगावच्या त्या विहिरी आठवतात. रमाबाईंच्या प्रार्थनेविषयी कोणाला शंका नाही. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधली आत्मिक जागृती आजही आपण साक्षीत सांगतो. पण तीच बाई मुदतीचे वर्ष लक्षात ठेवत होती. आपल्याकडे साक्षी भरपूर होतात. ऑडिटची तारीख कुणाला पाठ असते?

आणि आपल्या हातात जे आहे ते कुणी दिलेले आहे, याचाही विचार करा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये नगरला. त्यांनी जमिनी घेतल्या, शाळा, दवाखाने आणि वसतिगृहे बांधली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण मंडळ्या तगल्या त्या आपल्याच आज्या-आजोबांच्या अर्पणावर, आणि ती माणसे गावकुसाबाहेरची होती, रोजंदारीवर जगणारी होती. माझी आजी रोज सकाळी भाकरीचे पीठ मळायच्या आधी बाजरीच्या पिठाची एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची. तिला ती 'देवाची मूठ' म्हणायची. पाऊस नसलेल्या साली घरात सात माणसे आणि चार भाकऱ्या असायच्या, तरी ती मूठ चुकली नाही. शनिवारी संध्याकाळी मडके चर्चमध्ये जायचे. रविवारी उपासनेनंतर पिठाचा, कोंबडीचा, भोपळ्याचा लिलाव व्हायचा आणि आलेले आणे-पैसे एक पंच मोठ्याने वाचून दाखवायचा : अमक्याची कोंबडी, इतके आणे. आजीला अक्षर येत नव्हते, पण तिच्या पिठाचे किती आले हे तिला ठाऊक असे, कारण ते तिच्या कानांवर पडत असे.

मिझोराममधल्या ख्रिस्ती बायकांनी १९१० मध्ये अशीच तांदळाची मूठ काढायला सुरुवात केली. बुहफाई थाम म्हणतात तिला. स्वयंपाक करताना एक मूठ देवाची. ती रीत त्यांनी आजतागायत चालवली आहे आणि त्या मुठीवर सुवार्तेचे केवढे काम उभे राहिले आहे. आपल्याकडे ती मूठ कुठे गेली? माझे मत कुणाला कडू लागेल, पण मला वाटते की लिलावाचे आणे मोठ्याने वाचणे बंद झाले तेव्हाच ती थांबू लागली. देणाऱ्याच्या कानावर काही पडेनासे झाले की त्याचा हात आखडतो. मग आपण दशमांशावर आणखी एक संदेश देतो.

पैसा आणि जमीन एवढेच सोपवलेले नाही. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून एक तरुण आजीच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधत आला. कपाटातले जुने रजिस्टर काढले, तर पावसाचे पाणी झिरपून पाने एकमेकांना चिकटली होती. वरच्या पानावरची शाई पसरून निळा डाग झाला होता. तो पोरगा काही बोलला नाही. रजिस्टरवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. त्या पानांत कुणाकुणाची नावे होती! गावाने ज्यांना नावाने हाक मारली नाही, त्यांचे पूर्ण नाव पहिल्यांदा आदराने लिहिले गेले ते त्या रजिस्टरात. त्यावरचे छप्पर दुरुस्त करायला पैसे नव्हते, आणि त्याच वर्षी नाताळच्या रोषणाईवर किती खर्च झाला हे मला माहीत आहे, कारण तो चेक मीच लिहिला होता.

बंद पडलेल्या वसतिगृहांविषयी, कुलूप लागलेल्या वाचनालयांविषयी लिहायला बसले तर पत्र संपणार नाही. एवढेच म्हणते की कुलूप लावून ठेवणे म्हणजे सांभाळणे नव्हे. तो तालांतही जमिनीत सुरक्षितच होता.

मी तुमच्याकडे काय मागते आहे? नवीन असे काहीच नाही. रविवारचे अर्पण चर्चमधून बाहेर जाण्याआधी दोघांनी मोजावे, दोघांनी सही करावी, आणि त्यातली एक तरी बाई असावी, कारण थैलीत पडणारे सुटे पैसे बहुतेक बायकांच्या पदराच्या गाठीचे असतात. महिन्याचा जमाखर्च पहिल्या रविवारी सूचनांबरोबर वाचून दाखवावा. फलकावर कागद चिकटवून भागत नाही, कारण आजही आपल्यात चष्मा नसलेले आणि अक्षर नसलेले लोक आहेत. कोऱ्या चेकवर कुणी सही मागितली तर त्याला माझी गोष्ट सांगा. वर्षातून एकदा प्रत्येक जागेचा ताजा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा. आता ते घरबसल्या ऑनलाइन मिळते, मंडळीतली कॉलेजची पोरे अर्ध्या तासात काढून देतील. तो उतारा धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्टाशी, म्हणजे ट्रस्टच्या मिळकतींच्या नोंदीशी, ताडून पाहा आणि वार्षिक सभेत वाचा. रजिस्टरे स्कॅन करून ठेवा. आणि पंचमंडळ बदलेल तेव्हा जुन्यांनी नव्यांना सगळे मोजून द्यावे : किल्ल्या, वह्या, प्रभुभोजनाचे पेले, खुर्च्या, बाजाची पेटी. आमच्याकडे तीन पंचमंडळे बदलली आणि हा कागद एकदाही झाला नाही.

पाळकसाहेबांना वेगळी विनंती आहे. तुमच्यापैकी पुष्कळांना पगार वेळेवर मिळत नाही, बदलीची टांगती तलवार असते आणि पंचांपुढे बोलणे सोपे नसते, हे मी जवळून पाहिले आहे. तरी पुढच्या आगमनकाळात दहा कुमारींवर बोलाल तेव्हा तिथेच थांबू नका. तोच अध्याय पुढे वाचा, आणि जमले तर एज्राचा आठवा अध्यायही. लोक ऐकतील. लोक याच विषयाची वाट पाहत आहेत.

माझे वय सत्तरीच्या पुढे गेले आहे. धन्याची हाक मला तुमच्या आधी येईल असे दिसते. म्हणून माझ्या वाटणीचे मी सुरू केले आहे. त्या दोन चेकच्या तारखा आणि रकमा मी एका कागदावर लिहून काढल्या आहेत. 'चर्च दुरुस्ती' या ओळीत मी काय बसवले होते तेही त्यावर लिहिले आहे. आमच्या वार्षिक सभेत तो कागद उभी राहून वाचणार आहे.

आणि वेस्ट्रीतल्या लोखंडी कपाटाची दुसरी किल्ली अजून माझ्याकडेच आहे. ती कोणाच्या हाती द्यायची ते कमिटीने ठरवून कळवावे. दोन माणसांसमोर कपाट उघडू, आत काय आहे आणि काय नाही ते लिहून काढू, खाली तिघांच्या सह्या घेऊ, आणि मग मी ती किल्ली देईन.

ख्रिस्तात आपली बहीण,
एक माजी खजिनदार